वनस्पतींतील जनुकरोपण : यशाचें प्रमाण कसें वाढलें ?

आषाढी एकादशीस घरोघरीं जें रताळें उकडलें जातें, त्याच्या प्रत्येक पेशींत एका जंतूच्या जनुकांचा अंश असतो, असें कोणीं सांगितल्यास पुष्कळांस तें खरें वाटणार नाहीं. तथापि तें खरें आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत लागवडींतील रताळ्याचे २९१ नमुने तपासण्यांत आले, आणि त्या सर्वांत अॅग्रोबॅक्टेरियम नामक मातींत राहणाऱ्या जंतूच्या वर्गांतील जनुकें सांपडलीं. तीं कोणा शास्त्रज्ञानें घातलेलीं नव्हतीं. फार प्राचीन काळीं त्या जंतूनें आपल्या जनुकांचा एक तुकडा रताळ्याच्या पूर्वजाच्या पेशींत सोडला. तो तेथें रुजला, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भुईमूग व चहा यांच्याही वंशांत असेच जुने अवशेष आढळले आहेत. म्हणजे उपासाच्या ताटांतील रताळें, दाण्यांची आमटी आणि वर घेतलेला चहा, या तिहींच्या घराण्यांत तो जंतु केव्हां ना केव्हां येऊन गेलेला आहे.

निसर्गांत क्वचित् घडणारी ही गोष्ट मनुष्यानें गेल्या चाळीस वर्षांत हेतुपुरस्सर करण्यास आरंभ केला. पिकाच्या पेशींत हवें तें जनुक बसविणें, या क्रियेस आम्ही या लेखांत ‘जनुकरोपण’ म्हणूं. हें जनुकरोपण इष्ट कीं अनिष्ट, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद होतो. परंतु तें करतात कसें व त्यांत यश किती येतें, याची माहिती सामान्य वाचकांपर्यंत क्वचितच पोहोंचते. वास्तविक, एखाद्या पिकाचे शंभर तुकडे घेतले असतां त्यांतून जनुक घेतलेलीं किती रोपें हातीं लागतात, या एका आंकड्यावर त्या पिकाचें भवितव्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. तो आंकडा वाढविण्यासाठीं काय काय प्रयत्न झाले, आणि त्यांपासून काय शिकावयास मिळालें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जंतूची पूर्वपीठिका

द्राक्ष, गुलाब, जरदाळू इत्यादि झाडांच्या बुंध्याशीं, जमिनीलगत, कधीं कधीं खडबडीत गांठी उठतात. या गांठी एका जंतूमुळें होतात, असें अमेरिकेच्या सरकारी शेतकी खात्यांतील अर्विन स्मिथ व टाउन्सेंड या दोघांनीं १९०७ सालीं सिद्ध केलें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेंत आर्मिन ब्राउन यांनीं एक मार्मिक प्रयोग केला. त्यासाठीं त्यांनीं निवडलेली वनस्पति म्हणजे आपल्या अंगणांतील सदाफुली. सदाफुली कडक उष्णता सोसते, हा जंतु मात्र सोसत नाहीं. सदाफुलीस जखम करून तींत जंतु सोडावयाचे, आणि कांहीं काळ गेल्यावर तें रोप ४६-४७ अंश उष्णतेंत ठेवून जंतु मारून टाकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पहिल्या दिवसांतच जंतु मारले तर गांठ होत नसे. सुमारें दीड दिवसानें मारले तर लहानशी होई. चार दिवस जाऊं दिले तर जंतु मेल्यावरही गांठ पुरी वाढे. याचा अर्थ असा कीं, जंतु पेशीस कांहीं तरी देऊन मोकळा होतो; पुढचें काम पेशी आपण होऊन करीत राहते.

तें ‘कांहीं तरी’ कोणतें, याचा उलगडा होण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९७४ सालीं बेल्जममधील घेंट येथें जेफ शेल व मार्क व्हॅन माँटेग्यू यांच्या मंडळीस गांठ पाडणाऱ्या जंतूंत डी.एन.ए.चें एक मोठें वर्तुळ आढळलें. अशा वर्तुळास प्लास्मिड म्हणतात. १९७७ सालीं सिअॅटल येथें मेरी-डेल चिल्टन, यूजीन नेस्टर, मिल्टन गॉर्डन व त्यांचे सहकारी यांनीं त्या प्लास्मिडाचा एक लहानसा भाग गांठीच्या पेशींत प्रत्यक्ष दाखवून दिला.

हें घडतें असें. झाडास जखम झाली कीं तींतून कांहीं रस पाझरतात. त्यांची चाहूल लागतांच जंतूचीं विशिष्ट जनुकें जागीं होतात. प्लास्मिडावरील एक तुकडा कापून निघतो. त्याच्या दोन्ही टोकांस पंचवीस-पंचवीस अक्षरांच्या खुणा असतात. एका सूक्ष्म नळीवाटे तो तुकडा झाडाच्या पेशींत शिरतो, केंद्रकांत जातो, व तेथील डी.एन.ए.मध्यें बसतो. त्यांत दोन प्रकारचीं जनुकें असतात : एक पेशींस बेसुमार वाढावयास लावणारीं, आणि दुसरीं या जंतूसच पचेल असें अन्न तयार करावयास लावणारीं. जंतु झाडाच्या घरांत आपली चूल मांडतो, आणि शिधाही झाडाकडूनच घेतो.

शस्त्रें काढून घेतलेला दूत

या व्यवस्थेंतील एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या फार उपयोगीं पडली. तुकडा कापणारीं व वाहून नेणारीं जनुकें त्या तुकड्याच्या बाहेर असतात. तुकड्याच्या पोटांत काय आहे याच्याशीं जंतूस कर्तव्य नसतें; तो फक्त टोकांच्या खुणा ओळखतो. तेव्हां गांठ पाडणारीं जनुकें काढून टाकून त्यांच्या जागीं दुसरें जनुक ठेवलें, तर जंतु तेंही तितक्याच इमानानें पोहोंचवील, हें ओघानेंच आलें. १९८३ च्या आरंभीं घेंट येथील मंडळी, सेंट लुई येथें गेलेल्या चिल्टनबाई, आणि त्याच शहरांतील मॉन्सँटो कंपनीचे संशोधक, अशा तीन ठिकाणच्या लोकांनीं हें साधल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं हॉलंडमधील लायडन येथें हूकेमा व त्यांचे सहकारी यांनीं वाहून नेणारीं जनुकें एका प्लास्मिडावर व न्यावयाचा तुकडा दुसऱ्या लहान प्लास्मिडावर, अशी विभागणी करून दाखविली. त्यामुळें काम फार सुटसुटीत झालें. या शोधाबद्दल व्हॅन माँटेग्यू, चिल्टन व मॉन्सँटोचे रॉबर्ट फ्रेली यांस २०१३ सालीं जागतिक अन्न पारितोषिक देण्यांत आलें.

१९८५ सालीं मॉन्सँटोच्या रॉबर्ट हॉर्श प्रभृतींनीं पानाच्या चकत्यांची रीत प्रसिद्ध केली. पानाच्या लहान गोल चकत्या कापावयाच्या, त्या जंतूंच्या पाण्यांत बुडवून काढावयाच्या, दोन-तीन दिवस एकत्र ठेवावयाच्या, आणि नंतर औषधानें जंतु मारून त्या चकत्यांपासून नवीं रोपें उगवावयाचीं. तंबाखू, पेटुनिया व टोमॅटो यांनीं या रीतीस चटकन् दाद दिली. परंतु भात, गहूं, मका, ज्वारी यांसारख्या तृणधान्यांस हा जंतु निसर्गांत गांठ पाडीत नाहीं. म्हणून तीं त्याच्या कक्षेंत येणारच नाहींत, असा समज पुष्कळ वर्षें रूढ होता. हरभरा, तूर, सोयाबीन यांस गांठ होते, पण त्यांच्यांत यश अत्यंत थोडें. येथून पुढचा इतिहास हा प्रमाण वाढविण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

‘शेंकडा’ म्हणजे शेंकडा कशाचा ?

ही खटपट समजण्यापूर्वीं यश मोजतात कसें तें पाहिलें पाहिजे. ‘आमच्या रीतीनें शेंकडा साठ यश आलें’ असें एखाद्या निबंधांत छापलेलें असतें. परंतु तो शेंकडा कशाचा, हें विचारल्याखेरीज त्या आंकड्यास अर्थ नाहीं. चांचणीसाठीं पुष्कळदां असें जनुक घालतात कीं तें कामास लागलेल्या पेशीवर विशिष्ट रसायन टाकतांच निळा ठिपका उठतो. तीन दिवसांनीं तुकडे पाहिले तर शेंकडा नव्वदांवर निळे ठिपके दिसूं शकतात. पण ठिपका म्हणजे रोप नव्हे. कित्येक ठिकाणीं जनुक पेशींत शिरून थोडा वेळ काम करतें व नाहींसें होतें. इतकेंच नव्हे, तर पूर्वीं तो निळा रंग पेशींतला कीं तेथें चिकटलेल्या जंतूंतला, हाही संशय राहत असे. तो घालविण्यासाठीं १९९० सालीं त्या जनुकांत असा एक खंड घालण्यांत आला कीं वनस्पतीची पेशी तो वगळून जनुक वाचूं शकते, जंतूस तें साधत नाहीं.

ठिपक्यांनंतर औषध सोसून टिकलेल्या पेशींचे पुंज मोजतां येतात; त्यांपुढें रोपें मोजतां येतात; आणि त्या रोपांतही एकाच पेशीपासून फुटलेलीं पांच रोपें पांच धरावयाचीं कीं एक, हा प्रश्न उरतोच. शिवाय जनुकाची एकच प्रत नीट बसलेलें रोप कामाचें. तीन-चार प्रती वेड्यावांकड्या बसल्या तर पुष्कळदां जनुक मुकें होतें. म्हणून खरा हिशोब एकच : किती तुकडे घेतले, आणि त्यांतून एकमेकांपासून स्वतंत्र, जनुक पुढच्या पिढीस देणारीं किती रोपें उभीं राहिलीं. या हिशोबाचें एक प्रामाणिक उदाहरण ज्वारीचें आहे. २००० सालीं अमेरिकेंत या जंतूच्या द्वारें ज्वारींत जनुकरोपण झालें तेव्हां कोंवळ्या दाण्यांतून काढलेले ६,१७५ गर्भ वापरण्यांत आले, व त्यांतून १३१ यशस्वी वाण हातीं आले. म्हणजे शेंकडा दोनांच्या किंचित् वर. प्रत्येक गर्भ सुईच्या टोकानें हातानें सोडवावा लागतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आंकड्यामागील श्रमांची कल्पना येते.

विरजणाचें शास्त्र

जंतु व वनस्पतीचे तुकडे ज्या दोन-तीन दिवसांत एकत्र राहतात, त्या काळाकडे प्रथम लक्ष गेलें. आमच्या वाचकभगिनींस विरजण लावण्याचा नित्याचा अनुभव आहे. दूध तेंच, विरजण तेंच. परंतु दूध फार गरम असलें, विरजण कमीजास्त झालें, किंवा वेळ चुकली, तर दहीं बिघडतें. या सहवासाचीही गोष्ट तशीच आहे.

१९८५ सालीं घेंट येथील स्टाखेल, झांब्रिस्की प्रभृतींनीं तंबाखूच्या जखमी पेशींतून पाझरणारें, व जंतूस जागें करणारें द्रव्य ओळखून काढलें. त्याचें नांव अॅसिटोसिरिंगोन. ज्या वनस्पतींतून तें पुरेसें पाझरत नाहीं, त्यांच्या बाबतींत तें बाहेरून घालतां येतें, आणि प्रमाणही अगदीं अल्प : एका लिटरास सुमारें वीस मिलिग्रॅम पुष्कळ होतें. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. पाणी किंचित् आंबट असावें लागतें. जंतूस हाक ऐकूं येण्यास थोडी साखर असल्यास बरें पडतें. आणि उष्णमान बेतानें ठेवावें लागतें. यांत एक चमत्कारिक विसंगति आहे. हा जंतु २८ अंशांच्या सुमारास सर्वांत वेगानें वाढतो. परंतु त्याच्या पुढें गेल्यास ज्या नळीवाटे तो जनुक देतो ती नीट बनत नाहीं. म्हणून १९ पासून २५ अंशांपर्यंतचा गारवा सहवासास मानवतो. जंतु भराभर वाढले म्हणजे काम चांगलें झालें असें नाहीं. उलट ते फार माजले तर तुकडे कुजतात, व मग औषधानेंही आटोपत नाहींत.

या सर्व गोष्टींचा मेळ घालून जपानमध्यें हिएई, कोमारी व त्यांचे जपान टोबॅको कंपनींतील सहकारी यांनीं १९९४ सालीं भातांत जनुकरोपण साधलें. त्यांनीं पानें न घेतां भाताच्या दाण्यांतील गर्भापासून वाढविलेला, झपाट्यानें विभागणाऱ्या पेशींचा पुंज घेतला, अॅसिटोसिरिंगोन घातलें, आणि विशेष जोमदार जातीच्या जंतूचीं कांहीं जनुकें जोडून वाहक अधिक समर्थ केला. तृणधान्यें या जंतूस वश होत नाहींत हा समज त्या दिवशीं संपला. दोनच वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच कंपनीच्या इशिदा यांनीं मक्याच्या अपक्व गर्भांत शेंकडा पांच पासून तीसपर्यंत यश मिळविलें. तथापि तें यश मक्याच्या ‘ए १८८’ नामक एका वाणापुरतें होतें. शेतकरी जे वाण प्रत्यक्ष पेरतात त्यांनीं तशी दाद दिली नाहीं. या ‘एका वाणापुरतें’ या शब्दांत पुढील सर्व अडचण सांठविलेली आहे.

यजमानाचा प्रतिकार

वनस्पति हा कांहीं निर्जीव मातीचा गोळा नव्हे. परका जंतु अंगाला लागतांच ती त्यास ओळखते. जंतूच्या अंगचें एक सर्वसामान्य प्रथिन हुंगून सावध होणारी अशी एक व्यवस्था अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळांतील लहानशा रोपांत आहे. २००६ सालीं असें दिसून आलें कीं, ही व्यवस्था ज्यांत बिघडलेली आहे अशा रोपांत अॅग्रोबॅक्टेरियमचें काम अधिक सुकर होतें. म्हणजे आरोग्याचा पहारा हाच जनुकरोपणाचा अडथळा.

हा प्रतिकार डोळ्यांस दिसतो तो तुकडे काळे पडण्याच्या रूपानें. चिरलेलें वांगें किंवा सफरचंद उघडें राहिलें कीं काळवंडतें, तसेंच हें होय. जखमी पेशी तीव्र द्रव्यें सोडून स्वतः मरतात व शेजारणींसही मारतात. बायका चिरलेलीं वांगीं पाण्यांत टाकतात. प्रयोगशाळेंत तेंच काम सिस्टीन, क जीवनसत्त्व यांसारखीं द्रव्यें करतात. सोयाबीनच्या बाबतींत २००१ सालीं सहवासाच्या अन्नांत सिस्टीन घातल्यानें यश पुष्कळ वाढलें, व मक्यासही त्याचा लाभ झाला. जपानी संशोधकांनीं २००६ सालीं भात व मक्याचे गर्भ जंतूंच्या संगतींत सोडण्यापूर्वीं थोडा वेळ गरम करून व गरगर फिरवून पाहिले, तेव्हांही प्रमाण वाढलें. फळें पिकविणारा इथिलिन वायु जखमेंतून सुटतो, व तो जंतूच्या कामांत विघ्न आणतो; म्हणून त्याचें मूळ द्रव्य फोडून टाकणारें जनुक जंतूसच देण्याची युक्तिही जपानमध्यें योजण्यांत आली.

पुनर्जन्माची अडचण

परंतु इतकें सर्व साधलें तरी पुष्कळ पिकांचा आंकडा हालेना. निळे ठिपके भरपूर, रोपें मात्र दोन किंवा तीन ! तेव्हां शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें कीं, आपण जंतूस उगाच दोष देत होतों. जंतु आपलें काम करून गेलेला असतो. खरी अडचण त्यापुढें आहे : ज्या एका पेशींत जनुक बसलें, त्या पेशीनें आपलें पानपण किंवा खोडपण टाकून पुन्हां नवें रोप झालें पाहिजे. ही शक्ति प्रत्येक वनस्पतींत सुप्त असते असें म्हणतात, परंतु ती जागी होणें दुर्घट. शिवाय जखमेजवळच्या ज्या पेशी जनुक घेतात त्याच रोप होणाऱ्या असतील असें नाहीं. पुष्कळदां त्या निराळ्याच असतात.

१९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं तंबाखूवर दाखविलें कीं, ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन वृद्धिद्रव्यांचें परस्परप्रमाण बदलून पेशीपुंजास मुळें किंवा कोंब फुटविता येतात. त्या तत्त्वावर प्रत्येक पिकाच्या अन्नाचें मिश्रण बसविण्यांत पिढ्या गेल्या. तरीही एकाच पिकाचा एक वाण दाद देतो व दुसरा देत नाहीं, हा अनुभव सुटला नाहीं. हरभऱ्याचे कोंब फुटतात, तर त्यांस मुळें सुटत नाहींत. म्हणून ते साध्या हरभऱ्याच्या रोपावर कलम करण्याची पाळी पुष्कळ प्रयोगशाळांवर येते.

याचा परिणाम किती दूरवर होतो, हें आपल्या विदर्भ-खानदेशांतील कापसावरून कळून येईल. बोंडअळीस मारणारें जनुक ज्या कापसांत प्रथम घातलें, तो ‘कोकर ३१२’ नांवाचा जुना अमेरिकन वाण होता. त्याची निवड होण्याचें कारण त्याचा धागा किंवा त्याचें उत्पन्न नव्हे. त्याच्या पेशींपासून रोप होतें, हा एवढाच त्याचा मोठा गुण. पुढें त्या वाणाशीं पिढी-दर-पिढी संकर करून तें जनुक जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांत उतरविण्यांत आलें, आणि मार्च २००२ मध्यें अशा तीन संकरित वाणांस भारत सरकारची परवानगी मिळाली. ज्या वाणांत जनुक हवें त्यांतच तें थेट घालतां आलें असतें, तर ही वर्षांची प्रदक्षिणा पडली नसती. आणि ज्या देशी कापसाकडे संकर करून नेणेंही सोपें नाहीं, तो तर बाजूसच राहिला.

ही गांठ सोडविण्याचा नवा मार्ग २०१६ सालीं पायोनियर कंपनीच्या कीथ लो व सहकाऱ्यांनीं दाखविला. बीजांत गर्भ तयार होतांना कांहीं जनुकें ‘आतां रोप व्हा’ अशी आज्ञा देतात. त्यांपैकीं एकाचें नांव ‘बेबी बूम’, दुसऱ्याचें ‘वुशेल’. दुसऱ्या शब्दाचा जर्मन भाषेंत अर्थ विस्कटलेले केंस. तें जनुक बिघडलें कीं रोप तसें दिसतें. इष्ट जनुकाबरोबर हीं दोन जनुकेंही पाठविलीं असतां, पूर्वीं अजिबात दाद न देणारे मक्याचे वाण रोपें देऊं लागले. ज्वारी, ऊंस व आपल्याकडील वर्गांतला इंडिका भात यांतही प्रगति झाली. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें डेबरनार्डी, दुबकोव्स्की प्रभृतींनीं गव्हांत निराळ्या दोन जनुकांची जोडी वापरून असेंच यश मिळविलें, व लिंबाच्या वर्गांतही तिचा उपयोग दाखविला.

यांतही एक मेख आहे. ‘रोप व्हा’ अशी आज्ञा जन्मभर चालूं राहिली तर रोप वेडेंवांकडें व वांझ होतें. म्हणून काम झाल्यावर तीं जनुकें कापून काढावीं लागतात. त्याहून सुंदर युक्ति २०२० सालीं प्रसिद्ध झाली. आज्ञा देणारें जनुक एका जंतूजवळ, व इष्ट जनुक दुसऱ्याजवळ ठेवून दोघांचें मिश्रण वापरावयाचें. ज्या पेशीस आज्ञेचें जनुक मिळतें ती आपल्यांतील प्रथिन शेजारणीस देते. शेजारीण, जिला इष्ट जनुक मिळालेलें असतें, ती रोप होते. आणि देणारी मागें राहून जाते. शास्त्रज्ञांनीं या रीतीस ‘परोपकारी’ असें नांव दिलें आहे, तें यथार्थ आहे.

फुलांतून जाणारी आडवाट

पुनर्जन्माची ही सर्व यातायात टाळणारी एक वाटही आहे. फ्रान्समध्यें व्हर्साय येथें बेशटोल्ड व सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं अरबिडॉप्सिसचीं फुलोऱ्यांतील रोपें जंतूंच्या पाण्यांत बुडवून निर्वात केलीं, व त्यांच्या बियांपासून जनुक घेतलेलीं रोपें मिळविलीं. १९९८ सालीं इलिनॉय येथील क्लफ व बेंट यांनीं निर्वात करण्याचीही गरज नाहीं असें दाखविलें : पाण्यांत पांच टक्के साखर व थोडें साबणासारखें पसरणारें द्रव्य घालून फुलोरा बुडविला कीं झालें. जंतु फुलाच्या पोटांतील बीजांडापर्यंत पोहोंचतो, आणि शेंकडा एक किंवा अधिक बिया जनुक घेऊन निपजतात. एका टक्क्याचा हा आंकडा लहान दिसतो. पण त्या रोपास हजारों बिया येतात व श्रम कांहींच नाहींत. ज्या कामास पूर्वीं कांचेच्या बाटल्या व वर्षभराचें कौशल्य लागे, तें एका विद्यार्थ्यास दुपारभरांत होऊं लागलें. मात्र ही सुलभता त्या रोपाच्या फुलाच्या रचनेमुळें आहे. ज्वारीस किंवा तुरीस ती लाभलेली नाहीं.

जंतूच्याही अंगीं सुधारणेस अजून वाव आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कामांत, तुकडा ज्या लहान प्लास्मिडावर ठेवतात त्याच्या जंतूंतील प्रती वाढवून अरबिडॉप्सिसमध्यें यशाचें प्रमाण पूर्वीच्या मानानें शेंकडा साठ ते शंभर इतक्यानें वाढल्याचें दाखविण्यांत आलें. चाळीस वर्षें हाताळलेल्या साधनांत एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानांत नीटशी आली नव्हती, हें नवलच म्हटलें पाहिजे.

आंकडा कोणाच्या पिकासाठीं ?

आतां वाचक विचारतील कीं, दोन टक्क्यांचे वीस झाले यांत आमचें काय ? आमच्या मतें यांतच सर्व कांहीं आहे. यश शेंकडा दोन असेल तर एक चांगला वाण मिळविण्यास हजारों गर्भ, अनेक कुशल हात व वर्षांचा पैसा लागतो. तो खर्च मका, सोयाबीन व कापूस यांच्या बियाण्यांतून परत मिळतो, म्हणून मोठ्या कंपन्या तो करतात. ज्वारी, तूर, हरभरा, नाचणी, वरी यांच्या बियाण्यांत तसा नफा नाहीं. त्यांचें काम विद्यापीठांच्या व सरकारी संस्थांच्या तुटपुंज्या प्रयोगशाळांवर पडतें. यश वीसवर गेलें तर तेंच काम एक विद्यार्थी दोन वर्षांत करूं शकतो. म्हणजे हा आंकडा वाढणें याचा अर्थ गरीबांच्या ताटांतील पिकास संशोधनाच्या पंक्तींत पान मांडलें जाणें. उलटपक्षीं, नव्या युक्त्या पेटंटच्या कुलपांत राहिल्या, तर आंकडा वाढूनही पंक्ति पूर्वीचीच राहील, ही भीति निराधार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आतां परकें जनुक न घालतां पिकाचें स्वतःचेंच जनुक दुरुस्त करण्याची कला निघाली आहे. मग या जंतूची मातबरी काय? परंतु ती दुरुस्तीचीं हत्यारें पेशींत नेण्यासही बहुतेक ठिकाणीं हाच दूत लागतो, आणि दुरुस्त झालेल्या पेशीचें रोप करण्याची अडचण तीच. २०२२ सालीं भारत सरकारनें परका अंश शिल्लक नसलेल्या अशा पिकांस कांहीं कडक नियमांतून सूट दिली, व मे २०२५ मध्यें अशा रीतीनें तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. भातांत हें होऊं शकलें, कारण भातावर तीस वर्षें हें जनुकरोपणाचें काम झालेलें होतें.

जनुकरोपण केलेलें पीक शेतांत पेरावें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र सर्वस्वीं निराळा आहे. तो सुरक्षिततेचा, बियाण्याच्या मालकीचा व लोकांच्या संमतीचा आहे. २०१० सालीं बीटी वांग्यास सरकारनें स्थगिती दिली ती वांग्यांत जनुक नीट बसलें नव्हतें म्हणून नव्हे. साधन सुलभ झालें म्हणून त्याचा उपयोग योग्य ठरत नाहीं. परंतु साधनच हातीं नसेल तर योग्यायोग्य ठरविण्याचा अधिकारही आपणांस उरत नाहीं. ज्यांच्या हातीं तें आहे ते आपल्या पिकांचें ठरवितात, व आपल्या पिकांकडे कोणी पाहतच नाहीं.

या शतकभराच्या कामापासून निघणारा बोध थोडक्यांत हा. आरंभीं सर्वांचें लक्ष देणाऱ्याकडे होतें : जंतु जोमदार कसा होईल, त्याच्या प्रती कशा वाढतील. त्यानें कांहीं लाभ झाला, आणि अजूनही होत आहे. परंतु मोठीं पावलें पडलीं तीं घेणाऱ्याकडे पाहिल्यावर. त्या लहानशा पेशीस काय सोसतें, ती कशानें घाबरते, आणि पुन्हां नव्यानें जन्म घेण्यास तिला कोणता आधार लागतो, हें विचारल्यावर. मक्याच्या पेशीस हें विचारण्यास कंपन्या होत्या. ज्वारीच्या व तुरीच्या पेशीस तें विचारणें हें आपल्या विद्यापीठांतील तरुणांचें काम आहे. दुसरें कोणी तें आपल्यासाठीं करील, अशी आशा धरण्यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं.